जुन्या दिवसाचा भाव

"चाची, कुठल्या दिवसाच्या भावाने दिनार देऊ?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

हमीदा परकार खुर्चीत टेकली. दिवस जितका जुना, तितका दिनार स्वस्त. बदल्यात बँकेचं यंत्र त्या दिवसाची आठवण डोक्यातून कायमची काढून घेई. मुलगा मुश्ताक कुवेतच्या इस्पितळात पडल्यापासून त्याच्या बिलाचे दिनार घ्यायला तिने आधी रिकामे, कंटाळवाणे दिवस दिले, मग लग्नाचाही दिला. आता जुना म्हणावा असा एकच उरला होता.

"मुश्ताकच्या जन्माचा घे."

"चाची, नक्की ना?"

"थकले गं. लाव यंत्र."

मुश्ताक बरा झाला. वाढदिवसाला त्याचा फोन आला. "अम्मी, मी होडीत कसा जन्मलो ते सांग ना." दरवर्षी हे ऐकल्याशिवाय तो फोन ठेवत नसे.

हमीदाने मनात चाचपडून पाहिलं. हाती काहीच लागलं नाही.

"यंदा तू सांग."

तो हसला आणि सांगू लागला. खाडीला ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली, तू एकटी, नाखवा मदत आणायला किनाऱ्याकडे गेलेला.

हमीदा फोन कानाशी घट्ट धरून, परक्या बाईची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती.

"मग?" तिने हळूच विचारलं. "ती बाई वाचली का रे?"