हयातीचा दाखला

"आमचं हक्काचं आहे, कमल. घाम गाळलाय त्यासाठी. सरकारपुढं पदर नाही पसरला."

हे ऐकवल्याशिवाय काशीरामला चहा गोड लागत नसे. शेजारची कमल विधवा. निराधार योजनेचे पैसे आणून दोन पोरी जगवत होती. काशीरामच्या लेखी ती आयत्या बिळावरचा नागोबा. ती कधी उलटून बोलत नसे. एकदा काशीरामच्या बायकोकडे, सुगंधाकडे बघायची आणि नळावर निघून जायची.

काशीरामची उभी हयात गिरणीत कापड विणायच्या साच्यांवर गेली. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि छातीत साठलेल्या कापसानं त्याला नाहूरच्या या खोलीत आडवं केलं. बायकोला घरोघरी भांडी घासायला जाताना बघायचं नको म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग गेल्या दिवाळीनंतर सुगंधा सांगत आली, युनियननं जुन्या कामगारांना पेन्शन मिळवून दिली. त्या दिवशी काशीराम उठून बसला. चाळीत पेढे वाटले.

पैसे सुगंधाच आणायची.

"तुमका दम लागता. माझ्या नावार करून घेतलंय, तुम्ही घराकच रवा."

जाताना मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात ठेवायची. पोस्टाच्या गर्दीत गळ्यातलं मारणारे फार. परत आली की आधी आरशापुढं उभी राहायची.

"म्हातारपणी कोणासाठी नटतंस गो?" काशीराम चिडवायचा. ती शिरा परतायला घ्यायची.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा पालिकेतून निवृत्त झालेला अंबादास दारात येऊन उभा राहिला.

"काशीराम, हयातीचा दाखला दिलास ना रे?"

"कसला दाखला?"

"पेन्शनवाल्यानं वर्षातून एकदा स्वतः जाऊन तोंड दाखवायचं असतं, जिवंत आहे म्हणून. नाहीतर पेन्शन बंद."

सुगंधा नुकतीच कमलच्या सोबतीनं पोस्टात गेली होती. तिला बिचारीला हे नियम कुठले ठाऊक? काशीरामनं दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि काठी टेकत निघाला. दर खांबापाशी थांबून श्वास घ्यावा लागत होता. पण पेन्शन गेली तर पुन्हा ती भिंत, पुन्हा कुणाच्या तरी दयेचा घास. त्यापेक्षा मरण परवडलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पोस्टात पेन्शनच्या रांगेत सुगंधा नव्हती. पलीकडच्या निराधारांच्या रांगेत कमल दिसली आणि त्यानं सवयीनं नाक मुरडलं. तिथला नवा बाबू एकेकीची चौकशी करत होता.

"नवरा कधी वारला?"

"संपाच्या वर्षी."

आवाज कमलचा नव्हता. तिच्या पुढं उभी असलेली बाई वळली. कपाळ कोरं होतं. काशीरामला बघून सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं.

बाबूनं खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, तुम्ही कोण यांचे?"

काशीरामनं टोपी काढून हातात घेतली.

"शेजारी," तो म्हणाला. "सोबतीला आलोय."