सातवी सुई

उजव्या खांद्याची कंडरा सुजली होती. तीन महिने हात छातीच्या वर जात नव्हता. माझा अंबाडासुद्धा सून घालायची, तोही सैल.

चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर ॲक्युपंक्चरच्या सुयांची कसली भीती? स्वस्थ पडून राहणं मात्र जिवावर येई. त्या दिवशी डॉक्टरांनी सहा सुया दुखऱ्या खांद्यात टोचल्या आणि सातवी डाव्या कोपराला. वेळ झाल्यावर खांद्यातल्या काढल्या, तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते वळले. मला कुठला दम निघतोय. सातवी मीच उपटली.

"सहाच आहेत," ट्रे बघत डॉक्टर म्हणाले. "आजी, सातवी कुठंय?"

मला आठवेना. सोबत आलेल्या सुनेनं चादर झटकली, डॉक्टर गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले.

"आई, हलू नका. सुई तुमच्या अंबाड्यात आहे."

मी ओशाळले. "शिवणातली खोड. हातातली सुई तिथंच खोचायची."

"कुठल्या हातानं खोचलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

डाव्या कोपरातली सुई डावा हात कसा काढणार?

सुनेनं पर्समधून कंगवा काढून माझ्या हातात दिला. "उद्यापासून तुमचा अंबाडा तुम्हीच घाला."