परसातलं अस्वल

ठसे वरच्या कुंपणाकडून आले होते, मागच्या दारापाशी घुटमळले होते आणि तिथून थेट गवताच्या कोठाराकडे गेले होते. परत फिरलेले नव्हते.

तोआदेर बर्फात उकिडवा बसून ते बघत होता. जन्मभर वनरक्षकाची नोकरी केलेला माणूस, पण निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी काही विचारत नव्हतं. आज डोळ्यांत पुन्हा तरतरी आली होती. शेजारचा ओनिसिम कुंपणावर रेलला.

“काका, अस्वलच ना नक्की? नाहीतर मागच्यासारखं व्हायचं.”

मागच्या हिवाळ्यात तोआदेरनं असेच ठसे पाहून लांडगा आल्याची हाकाटी केली होती, आणि निघाला पाद्रीबाबांचा कुत्रा. त्याला बघून गावातले टवाळ अजून भुंकत. हे त्याच्या फार मनाला लागलं होतं.

“परवा तुझं डुक्कर कोणी नेलं? पाद्रीबाबांच्या कुत्र्यानं?”

ओनिसिमचा चेहरा पडला. नाताळासाठी पोसलेलं डुक्कर अस्वलानं फळ्या फोडून ओढत नेलं होतं. यंदा अस्वलं हिवाळी झोपेचं नावच घेत नव्हती.

“हे बघ,” तोआदेर जरा नरमाईनं म्हणाला. “माणसाचं अनवाणी पाऊल वाटतं ना? इथंच लोक फसतात. अस्वलाचा मागचा पाय आपल्यासारखाच उमटतो. फरक बोटांत. आपला अंगठा आतल्या बाजूला, त्याचं सगळ्यात मोठं बोट बाहेरच्या. डाव्या पायात उजवा बूट घातल्यासारखं.”

“इथं तर बोटंच दिसत नाहीत.”

“ऊन लागलंय. ठसा वितळला की पसरतो. पण आकार बघ की! एवढा पाय तुझ्या सासऱ्याचा तरी आहे का?”

“आणि चार पायांच्या जनावराचे दोनच ठसे?”

“मागचा पाय ते पुढच्याच्या ठशात टाकतं. आणि हा उजवा बघ, फरफटत नेलाय. जखमी आहे. जखमी जनावराच्या वाटेला जाऊ नये.”

रफिला दारात उभी होती. काल संध्याकाळी अंधार पडता पडता त्याच दारावर धडका बसल्या होत्या. खिडकीतून तोआदेरला दिसली ती एक केसाळ, वाकलेली पाठ. नवरा-बायकोनं पातेली बडवली, घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, तेव्हा कुठे ते दारावरून हललं.

“धडका नव्हत्या त्या,” रफिला म्हणाली. “मला थापा वाटल्या.”

“मग काय, कडी वाजवून विचारणार होतं, आत येऊ का म्हणून?”

“चेष्टा पुरे. वर गावरिलच्या धुराड्यातून कालपासून धूर नाही. जाऊन सांग तरी त्याला, अस्वल फिरतंय म्हणून. सख्खा थोरला भाऊ आहे तुझा.”

“सख्खा भाऊ! अर्धं कुरण गिळलं, बापाचा मेंढीच्या कातड्याचा कोट अंगावर चढवला आणि इतक्या वर्षांत एक शब्द बोलला नाही. पिऊन पडला असेल. अस्वलच घाबरेल त्याला.”

ओनिसिम हसला. रफिला हसली नाही.

“या नाताळात मी त्याचं ताट मांडणार आहे. तू जेव, नाहीतर जेवू नकोस.”

तोआदेर पुन्हा ठशांकडे वळला. खरं तर दर नाताळला त्यालाही वाटायचं, उठावं, वर जावं आणि ‘दादा, चल जेवायला’ म्हणावं. पण पाय निघायचा नाही.

कोठाराचं दार अर्धवट उघडं होतं. तोआदेर श्वास रोखून जवळ गेला. आत काळोख होता, आणि काळोखातून आवाज आला, घशातल्या घशात, ओला, लांबलचक. ओनिसिम झटकन मागे सरला. तोआदेरनं खांद्यानं दार लोटलं आणि धाडकन आडणा घातला. आतून दारावर काहीतरी एकदाच आपटलं आणि घसरत खाली गेलं.

“सापडलं,” तो म्हणाला. त्यानं आनंदानं आडण्यावर थाप मारली.

ओनिसिमनं वनखात्याला फोन लावला. रस्ता बर्फानं बंद होता, यायला दुपार होईल, तोवर दार उघडू नका, असं तिकडून सांगितलं. बघता बघता अर्धं गाव कुंपणाशी जमलं. तोआदेरनं सगळ्यांना आलुबुखाराची दारू पाजली आणि बोटांची गोष्ट प्रत्येकाला नव्यानं सांगितली. आज कोणी भुंकलं नाही. कोठारातली घरघर अधूनमधून ऐकू येत होती, मग ती येईनाशी झाली.

“दमलं बिचारं,” तोआदेर म्हणाला.

रफिला वरच्या उताराकडे बघत होती. धुराडं अजून थंडच होतं.

दुपारी वनखात्याचे दोघे बंदूक घेऊन आले. त्यांतला तरुण अधिकारी परसातले पसरट खड्डे बघून म्हणाला, “काका, एखादा स्वच्छ ठसा आहे का? दार उघडून गोळी घालायची, तर आधी खात्री हवी.”

“एखादा काय, हवे तेवढे,” तोआदेर म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन कोठारापाशी गेला.

दाराच्या बाजूला वळचणीखाली ऊन पोचत नव्हतं. तिथल्या ठशावर रात्रीच्या वाऱ्यानं भुरभुरीत बर्फ आणून टाकला होता. तोआदेर गुडघे टेकून वाकला आणि तरुणपणी शिकला होता तशी हलकी फुंकर मारू लागला. बर्फ उडाला. डाव्या पायाचा ठसा होता, अगदी कोरीव. आधी टाच दिसली, मग चवडा, मग एकेक करून पाचही बोटं. मागे उभे असलेले लोक माना पुढे काढून बघू लागले.

अंगठा आतल्या बाजूला होता.