टॉवेल छान आलाय

"टॉवेल छान आलाय," ताई म्हणाली.

धाकट्या भावाने कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर डोळे फोडून लिहिलेला प्रोग्रॅम, आणि बाईसाहेबांना त्यात दिसलं काय, तर टॉवेल!

ताई कातडीची डॉक्टर. शेवटचा पेशंट गेल्यावर पाच मिनिटं देते म्हणाली होती, तीही चहा पिता पिता. लांबलांबच्या दवाखान्यांतून तिच्याकडे तिळांचे, चट्ट्यांचे फोटो येत. तिथलं नेट इतकं रडकं, की फोटो पोचेपर्यंत पेशंट कंटाळून घरी जाई. धाकट्याचा प्रोग्रॅम तेच फोटो आकाराने लहान करणार होता. ताईने हो म्हटलं, की उद्यापासून तो तिथे सुरू. सगळं घोडं त्या एका होकारापाशी अडलं होतं.

"पुन्हा सांगतो," तो दातओठ खात म्हणाला. "फोटो आधी थरांत फोडायचा. ढोबळ आकार एका थरात, बारीकसारीक तपशील बाकीच्यांत. मग कडा शोधायच्या. कडेजवळचा तपशील जपायचा, उरलेला फेकायचा. फोटो चिमूटभर होतो आणि रेघ न् रेघ शाबूत!"

"म्हणून टॉवेलाचे चौकोन एवढे ठसठशीत होय."

"ताई, टॉवेल सोड ना! पाठ बघ, पाठ!"

पाठ त्याचीच होती. पेशंटचे फोटो बाहेर न्यायला ताईने साफ मनाई केली होती. तेव्हा पठ्ठ्याने कपाटावर कॅमेरा ठेवला, टॉवेल अंथरून पालथा पडला आणि स्वतःचीच पाठ टिपली.

ताईने चष्मा नाकावर सरकवला. "हे दोन तीळ स्वच्छ दिसतायत. खांद्याखाली हे काय आहे? बोट फिरवून पुसल्यासारखं."

"तोही तीळच असेल. त्याला धड कडच नाही. कड नाही तर प्रोग्रॅमने जपायचं काय, माझं डोकं? दोन चोख आले त्याचं कौतुक नाही, खुसपट काढायला तिसरा बरा सापडला तुला!"

"अरे शहाण्या, रेखीव कडेचा तीळ बहुतेक वेळा बिनघोर असतो. त्याच्यासाठी मी कशाला हवी? मी शोधते ते दुसरेच. ज्यांची कड विरत जाते, एकीकडे पसरते, ते. आणि तुझा प्रोग्रॅम नेमके तेच पुसून टाकतो."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

"आधी विचारलंस?"

धाकट्याला रडावं की ओरडावं कळेना. म्हणजे विरत्या कडांसाठी सगळं नव्याने बांधायचं. आणखी किती महिने पाण्यात, देव जाणे. तो चरफडत लॅपटॉपवर बोटं आपटू लागला.

"थांब, मूळ फोटोच काढतो. त्यात तो तिसराही स्पष्ट आहे. बघ आणि एकदाची सुटका कर माझी."

ताईने अर्धा चहा तसाच बाजूला ठेवला होता. तपासणीच्या टेबलावरचा दिवा तिने लावला, खणातून भिंग काढलं.

"फोटो नको," ती म्हणाली. "शर्ट काढ."