पलीकडचा ड्रम

दिरानं सकाळी नऊला बोलावलं होतं. वहिनी मुद्दाम अकराला आली, गिऱ्हाईक त्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात येऊन टेकल्यावर.

गिऱ्हाईक म्हणजे जीपगाड्या भाड्यानं देणारा गॅरेजवाला. त्याला मागचे एक्सल हवे होते, एकदम बारा. बाराही ओळीनं मांडलेले, जुने, नंबराच्या पट्ट्या गंजून गळालेल्या. कुठला कुठल्या गाडीचा, देव जाणे. वहिनीनं फेरे मोजून ते गुपचूप ओळखून द्यावेत आणि गिऱ्हाईक यायच्या आत मागच्या दारानं चालतं व्हावं, असा दिराचा बेत. बेत छानच होता.

तिला बघताच गॅरेजवाल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ह्या कशाला आल्यात? ह्यांनीच ना चुकीचा एक्सल मोजून दिला होता? पुढच्या एक्सलशी मेळ बसेना, महिन्याभरात माझ्या जीपच्या गिअरचा भुगा झाला.”

“सहज आल्यात,” दीर घाईनं म्हणाला. “मोजणार मीच.”

“मोजा की, भाऊजी,” वहिनी म्हणाली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर ऐसपैस बसली.

त्या जीपचा एक्सल दिरानं, ह्याच पठ्ठ्यानं मोजला होता, सहा वर्षांपूर्वी. बोभाटा झाला तेव्हा मात्र भर बाजारात उभा राहून म्हणाला, बाईमाणसाच्या हाती काम दिलं, दुसरं काय होणार! चोराच्या उलट्या बोंबा. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यानं शिकवलेलं काम गेलं, नाव गेलं, बाजारात कुणी दारात उभं करेना. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. ह्या माणसाची मान खाली गेलेली बघायची होती.

दिरानं एक्सल स्टँडवर चढवला. ज्याला चाक बसतं त्या टोकाच्या ड्रमवर खडूची रेघ मारली, शाफ्ट जोडतात त्या पुढच्या चकतीवर दुसरी. या कामात गोम एवढीच, की एका बाजूचा ड्रम घट्ट धरायचा, दुसरा दोन फेरे फिरवायचा आणि तेवढ्यात पुढची चकती किती फेरे घेते ते मोजायचं. त्या आकड्यावर गाडी ओळखायची. दीर पलीकडचा ड्रम कधी धरतच नसे. त्याला वाटे, तो काय पळून जातोय?

“पावणेचार,” तो म्हणाला.

“पुन्हा बघा,” गॅरेजवाला म्हणाला.

“साडेतीन... थांबा, थांबा... पावणेचारच.”

“अहो, एक्सल आहे का भाजीचा भाव? दर खेपेला बदलतोय!”

दिराला घाम फुटला आणि वहिनीला आनंदाच्या उकळ्या. आणखी दोनदा तिनं त्याला चुकू दिलं. मग उठली, पलीकडे गेली आणि मोकळा ड्रम दोन्ही हातांनी दाबून धरला.

“आता फिरवा.”

चार आणि वर थोडं. पुन्हा फिरवलं, तरी चार आणि वर थोडंच.

“हा धरायचा असतो?” गॅरेजवाल्यानं विचारलं.

“नाही धरला तर उलटा सरकतो, मोजणी खाऊन टाकतो. माझे मालक पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. ज्याला शिकायचं असेल त्याला.”

गॅरेजवाला दिराकडे वळला. “मग माझ्या जीपच्या वेळी कुणी मोजलं होतं? ते खरं सांगा. आणि हे बाराही आता ह्यांनी मोजले तरच उचलीन, नाहीतर राहू द्यात.”

दीर वहिनीजवळ सरकला. “वहिनी, घरातली गोष्ट आहे...”

“घरातली? मग चव्हाट्यावर कुणी नेली?”

“मीच मोजला होता,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं.”

“मी मोजला होता! ह्यांचा काही संबंध नव्हता! झालं समाधान?”

नाही झालं. तिला वाटलं होतं, एवढं ऐकलं की पोटातली आग विझेल. कसली विझते! उलट जास्तच भडकली.

“तेव्हा अख्खा बाजार ऐकत होता, भाऊजी,” ती म्हणाली. “आज एकटे हे आहेत. बाकीच्यांना कोण सांगणार?”

दिरानं गॅरेजवाल्याकडे पाहिलं. गॅरेजवाल्यानं हाताची घडी घातली आणि दाराकडे मान हलवली.

दीर बाहेर पडला. शेजारच्या टायरवाल्याकडून त्याचा पडका आवाज ऐकू आला, मग टायरवाल्याचं हसू. तोंड पाडून तो माघारी वळला, तर वहिनी दुकानाच्या दारात उभी.

“परत कुठे?” ती म्हणाली. “बाजार त्या टोकापर्यंत आहे.”