अजून तस्साच

एनेइदाचा फ्रीज गार होईनासा झाला, तेव्हा तिने क्यूबाहून उरुग्वेला लेकाला फोन लावला. योस्वेल तिथे फ्रीजच दुरुस्त करायचा. गेल्यापासून घरी मात्र येऊ शकला नव्हता. “आई, दाराचं रबर घट्ट बसतंय का?” “बसतंय.” “मग प्लग काढून मागची जाळी पूस. धुळीनं बुजली असेल.” खरंच बुजली होती. तिने घासून लख्ख केली. संध्याकाळी त्याचा फोन आला, तेव्हा ती पेरूच्या सरबतातला बर्फ चावत होती. “झाला का गार?” “कुठला रे! तस्साच!” ती घाईने म्हणाली. झाला म्हटलं असतं, तर त्याने लगेच फोन ठेवला असता. “आई, बर्फ चावल्याचा आवाज येतोय.” एनेइदा ओशाळली. पलीकडून योस्वेल हळूच म्हणाला, “बरं, आता आतला दिवा लागतो का बघू. घाई नाही मला.”