वेगळा पिंजरा

प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या उंदराला नव्या औषधाची सुई टोचून यास्नाने त्याच्या शेजारी दुसरा उंदीर सोडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत पहिल्याने दुसऱ्याचा गळा फोडला. सोडवायला गेलेल्या यास्नाच्या अंगठ्याचाही लचका तोडला.

संध्याकाळी वाल्पाराइसो शहरातल्या घरी आई एका हाताने पावावर अ‍ॅव्होकाडो चोपडत होती. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता. जेवण द्यायला खोलीचं कुलूप काढलं तेव्हा यास्नाच्या धाकट्या भावाने, एलियासने खुर्ची हाणून तो मोडला होता.

"उंदीर म्हणायचा की सैतान!" यास्नाचा अंगठा बघून आई म्हणाली. "जन्मतःच असा का गं मेला?"

"छे गं आई, चांगला धडधाकट होता. आम्हीच वेड लावतो त्यांना. नाहीतर वेडावरचं औषध तपासणार कशावर?"

"आणि वेड लावता कसं?"

"सोपं आहे. आईपासून तोडायचं आणि एकट्याला कोंडायचं. ना कुणाची ऊब, ना सोबत. मग समोर येईल त्याला फाडतात."

आईने हातातली सुरी खाली ठेवली.



तिने यास्नाच्या गळ्यातली किल्ली हिसकावली, एलियासच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आत गेली.